डबा बंद केला तेव्हा

आमच्या गावाला लातूर डेपोची गाडी मुक्कामी यायची. दिवेलागणीला येऊन चावडीपुढं उभी राहायची, ड्रायव्हर-कंडक्टर चावडीतच पथारी टाकायचे आणि तांबडं फुटायच्या आत गाडी परत लातूरला निघायची. गाव आमचं नांदेड जिल्ह्यातलं, मुखेड तालुक्याचं, जळकोटच्या अंगाला. शिकणाऱ्या पोरांनी नांदेडला जायचं असा रिवाज. मी मात्र माझा थोरला लातूरला घातला. लातूर नुकतंच फुटून नवीन जिल्हा झालं होतं. लोक म्हणाले, "आपला जिल्हा सोडून परक्या जिल्ह्यात कामून?" मी म्हणलं, "नांदेडला सगळ्यांचीच जातात." माझ्यापुरतं एवढं कारण बास होतं. दुसरं कारण ही गाडी. गाडीबरोबर डबा जायचा.

डब्याची रीत ज्यांना ठाऊक न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. पोराची माय पहाटे उठून भाकरी थापते, डबा फडक्यात बांधते, बाप तो गाडीत नेऊन ठेवतो. ड्रायव्हरच्या मागं डब्यांची रांग लागायची. कुणाच्या डब्याला लाल दोरा, कुणाच्या डब्यावर रंगानं आडनाव. लातूरच्या स्टँडवर पोरं वाट बघत उभी असायची. आपापला डबा उचलायचा, कालचा रिकामा कंडक्टरच्या हवाली करायचा. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा गावात. तो हातात घेतला की मायला समजायचं, लेकरू जेवलं. खुशालीची चिठ्ठी कुणी लिहीत नव्हतं. रिकामा डबा हीच खुशाली.

माझं स्वतःचं शिक्षण विचाराल तर दोन यत्ता उर्दू आणि दोन यत्ता मराठी. निजामी होती तवर अलिफ-बे घोकली, निजामी गेली आणि मास्तर म्हणाला आता अ-आ घोका. दोन्ही अर्धवट राहिलं. पण मी कुणापुढं हात जोडून कागद वाचून घेतला न्हाई. अक्षर अक्षर लावत बसलो, पण माझं मी वाचलं. थोरल्याला मी तसाच समजत होतो. माझं रक्त हाय, बसेल पण सोडणार न्हाई.

तो बीएस्सीला होता. पहिलं साल निघालं. दुसऱ्या साली नापास झाला. निकालाला घरी आला. मी एवढंच म्हणलं, "पुन्हा बस." त्याची माय म्हणाली, "वाळलंय लेकरू." आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यात एक भाकरी जास्त बांधायला लागली.

ते साल कोरडं होतं. त्याच्या आधीचंही तसंच. विहिरीच्या तळाला खडक दिसत होता, बैल मी बायकोच्या माहेरी नेऊन बांधले होते, तिकडं थोडी वैरण होती. रान उघडं पडलेलं. बिनबैलाचा शेतकरी म्हणजे घरात जास्त झालेलं माणूस. ह्या खोलीतून त्या खोलीत जायचं, बायकोनं म्हणायचं "जरा बाजूला व्हा", आणि आपण व्हायचं.

तेवढ्यात पाडवा आला आणि पोरगा आला न्हाई. सणाला लेकरू येत न्हाई म्हणजे काय? त्याची माय म्हणाली, "अभ्यास असंल. डबा तर रोज रिकामा येतोय. धुऊन येतोय." तिला त्याचा आनंद. मला नव्हता. ज्या पोरानं जल्मात कधी आपलं ताट उचलून मोरीत ठेवलं न्हाई, ते डबा धुऊन पाठवतंय? मी दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीत बसलो. डबा रांगेत ठेवला न्हाई, मांडीवर घेतला.

स्टँडवर सगळी डब्याची पोरं होती, आमचं नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "मामा, तुमचा पोरगा समद्याच्या मागून येतो. पोरं गेली की. तोंडाला दस्ती बांधून. मी म्हणलं, ऊन लागत असंल."

"आनि डबा घेऊन जातो?"

"हाव तर. न घेऊन काय करील?"

मी थांबलो न्हाई, खोलीचा रस्ता धरला. खोली एका म्हाताऱ्या मुसलमान बाईच्या आवारात होती, तिला सगळे खाला म्हणायचे. आवारात पत्र्याच्या तीन खोल्या, मधी एक लिंबाचं झाड, आणि झाडाला बांधलेली खालाची शेळी. मी फाटकातच थांबलो. सगळ्या मुलखात जनावरांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, आणि ही शेळी तुकतुकीत! पाठीवरून हात फिरवला तर तेल लावल्यावानी. मला बघून ती पळाली न्हाई, माझ्या हातातल्या डब्याकडं नाक करून उभी राहिली.

खाला बाहेर आली. म्हणाली, "तुम अब्बा है क्या उसके? बडा नेक बच्चा है जी तुमचा. जनावरावर लई जीव. अपने हाथ से रोटी खिलाता रोज."

मी म्हणलं, "हाव. घरचं वळणच तसं हाय."

परक्या बाईपुढं दुसरं काय बोलणार?

दार ढकललं तर पोरगा गादीवर भिंतीकडं तोंड करून पडलेला. सूर्य डोक्यावर यायला लागला होता. वरचा पत्रा तापून कडकड वाजत होता. पुस्तकं कोपऱ्यात, त्यांच्यावर धुळीचा थर. घागर उपडी. मी डबा त्याच्या डोक्याशी ठेवला तरी त्यानं वळून बघितलं न्हाई. मग माझ्या खोकल्यावरून ओळखलं असणार. उठून बसला. केस वाढलेले, गालाची हाडं वर आलेली.

"बाबा, तुम्ही कधी आलात?"

"शेळी जेवली का विचारायला आलो."

मी विचारलं, "कालेजात जातोस का?"

"न्हाई."

"कवापासून?"

"झाले दिवस."

"दुखतंय का काही?"

"न्हाई."

"मग?"

"उठावंसंच वाटत न्हाई, बाबा."

मला हे समजेना. मी म्हणलं, "उठावंसं वाटायचं काय असतंय? उठायचं असतंय." तो हसला. हसला म्हणजे ओठ हलले. आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडला.

मी त्याच दिवशी ठरवलं, हा उठल्याशिवाय मी हलणार न्हाई. गावाकडं मला काय काम पडलं होतं? कंडक्टरसंगं निरोप धाडला, "मी राहिलो हितंच. परीक्षा झाल्यावर येईन."

आता त्या खोलीत आम्ही दोघं. दोन माणसं झोपली की तिसऱ्याला पाय ठेवायला जागा न्हाई अशी ती खोली. कोंडवाड्यात घातलेलं जनावर कसं असतं, तसा मी. तिथं निदान मालक येऊन दंड भरून सोडवून तरी नेतो. इथं मालकही मीच आणि जनावरही मीच. आणि पोरगा तर त्याच्याही आत आणखी एका खोलीत बसलेला, तिला दार कुठं हाय तेच सापडेना.

मला जे येत होतं ते मी केलं. पहाटे त्याला हलवून उठवलं. तो बसायचा, मी तोंड धुवायला वळलो की पुन्हा आडवा. मग मी गादी गुंडाळली आणि दिवसभर तिच्यावर बसून राहिलो. तो खाली शहाबादी फरशीवर झोपला. फरशी गार, वरून पत्रा तापलेला. गादीपेक्षा त्याला तेच बरं वाटलं. मी वर घामानं भिजून बसलेलो आणि हा खाली गारव्याला. खाला दारातून बघून म्हणाली, "सजा किसको है मियाँ, उसको या तुमको?" मी गादी पुन्हा अंथरली.

स्टँडवर डबा आणायला मीच जायला लागलो. डब्याची पोरं विचारायची, "मामा, तो दिसत न्हाई? यंदा परीक्षेला बसणार ना?" कुणी वाईट बोलत नव्हतं. पण रोज विचारत होती. जळकोटकडचा एक उंच पोरगा तर हसून म्हणाला, "मामा, आता तुम्हीच नाव घाला कालेजात." मी म्हणलं, "घालतो की. तुला मागं टाकीन." पोरं हसली, मीही हसलो. पण परत येताना समजलं, हा पोरगा तोंडाला दस्ती बांधून सगळ्यांच्या मागून कामून यायचा.

डबा उघडून मी त्याच्यापुढं बसायचो. "खा." तो एक घास घ्यायचा. चघळायचा. गाय रवंथ करते तशी, पण गाय निदान गिळते. पांढरीशुभ्र मालदांडीची भाकरी, वर पिठलं न्हाईतर वाळल्या गवाराची भाजी, मिरचीचा ठेचा. मी अर्धी खायचो, तो अर्धीतली चतकोर. उरलेलं नेऊन शेळीला घालायचा. मी बघत असतानाही घालायचा. एकदा मला राग आवरला न्हाई.

"ह्या दुष्काळात मायनं पहाटे उठून थापलेली भाकरी तू जनावराला घालतोस? लाज न्हाई वाटत?"

त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा आवाज चढला.

"लाज वाटते म्हणूनच घालतो!"

"म्हंजे?"

"घरी तुम्ही काय खाता, बाबा?"

"जे असंल ते."

"हायब्रीड खाता. काळपट पडलेली. दिवाळीला आलो तेव्हा चुलीपाशी दोन परातीत दोन पिठं होती. मायनं एक परात पदराआड केली. मला वाटलं असंल तिला, मी बघितलं न्हाई. मालदांडीचं पोतं फक्त माझ्या डब्यासाठी राखलंय. धाकटी माझ्या ताटाकडं बघत होती. तिनं मागितलं न्हाई, बाबा. नुसती बघत होती. आणि मी पुन्हा नापास होणार हाय. मला आतून माहीत हाय. हा घास गिळायचा कसा, तुम्हीच सांगा."

ज्वारी-ज्वारीतला फरक शहरातल्या माणसाला समजायचा न्हाई. हायब्रीड जास्त पिकते, पण भाकरीला चव न्हाई, पावसात सापडली तर काळी पडते. मालदांडी म्हणजे आमच्याकडं पाहुण्याचं धान्य. आमच्या घरात डब्याला मालदांडी जाते हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते ठरवायला कुणी बसलं नव्हतं. शिकणारं लेकरू म्हणजे घरातला पाहुणा, एवढं सरळ ते.

मी म्हणलं, "आम्ही काय खातो ते आमचं आम्ही बघू. तू खा."

"तेच व्हत न्हाई," तो म्हणाला. "रोज सकाळी तो डबा येतो आणि मला वाटतं, आजही आला. डबा बंद करा, बाबा."

डबा बंद करा! आमच्याकडं डबा दोनच वेळा बंद होतो. शिक्षण सुटलं तर, न्हाईतर माणूस गेलं तर. मी लिंबाखाली जाऊन बसलो. शेळी माझ्या खिशाला हुंगत उभी राहिली. दिवसभर मी विचार करत होतो. पोरगा उठत न्हाई, हे मला आळस वाटत होतं. आळशाला हाणून उठवता येतं. पण ज्याच्या अंगावर पोतं ठेवलंय त्याला हाणून काय उपयोग? आधी पोतं उतरवावं लागतं. आणि ते पोतं आम्हीच रोज पहाटेच्या गाडीनं पाठवत होतो, फडक्यात बांधून, वर गाठ मारून.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडवर गेलो. गाडी आली. पोरांनी डबे उचलले. आमचा डबा मी उचलला आणि तसाच कंडक्टरच्या हातात दिला. "हा परत ने."

"भरलेलाच?"

"भरलेलाच."

कंडक्टर माझ्याकडं बघत राहिला. त्याला काही विचारायचं होतं. पण गाडी फलाटावरून काढायची शिट्टी झाली आणि तो वर चढला. त्याच्यासंगं दोन शब्दांचा निरोप द्यायला पाहिजे होता असं नंतर सगळे म्हणाले. माझी बायको तर आजही म्हणते. मी म्हणतो, गाडी सुटत होती. आणि डबा परत जाणं हाच निरोप होता. पण तो निरोप गावानं कसा वाचला ते पुढं झालं.

भरला डबा संध्याकाळी गावात उतरला. गाडीतल्या लोकांनी बघितलं होतं, वाटेतल्या गावांनी बघितलं होतं. जळकोटला चहाला थांबली तिथं कुणीतरी विचारलं, "कुणाचा ओ हा भरलेला?" कंडक्टरनं नाव सांगितलं. आमच्या चावडीपर्यंत गाडी यायच्या आधी कुणाच्या तरी फटफटीवरून बातमी आली होती. भरला डबा परत आला म्हणजे खाणारं लेकरू न्हाई. चार बाया आमच्या घरी जाऊन बसल्या. माझ्या बायकोनं डबा उघडला, सकाळची भाकरी होती तशी. ती रडली न्हाई म्हणे. त्या बायांना म्हणाली, "बाप हाय तिथं. बाप असताना असं कसं व्हईल?" आणि पहाटे त्याच गाडीत येऊन बसली.

मला काय माहीत? मी आपला सकाळी स्टँडवर गेलो. डबा आलाच असंल तर परत धाडायचा, ह्या हिशेबानं. गाडी लागली आणि सगळ्यांच्या आधी ती उतरली. डोक्यावरचा पदर घसरलेला, हातात काही न्हाई. तिनं मला बघितलं. माझ्या मागं बघितलं. माझ्या उजवीकडं, डावीकडं बघितलं. मी एकटाच. ती तिथंच मटकन खाली बसली.

"कुठं हाय?" एवढाच तिचा आवाज निघाला.

"खोलीवर. झोपलाय."

"झोपलाय म्हंजे?"

"झोपलाय म्हंजे झोपलाय! घोरून राहिलाय!"

मग ती रडली. भर स्टँडवर. आणि मग मला जे बोलली ते इथं लिहीत न्हाई. डब्याची सगळी पोरं गोल करून उभी. त्या उंच पोरानं आपल्या डब्यासंगं आणलेल्या तांब्यातलं पाणी तिच्यापुढं धरलं. ती पाणी प्याली आणि मला म्हणाली, "उठा आता. दाखवा मला लेकरू."

खोलीवर आलो. दार ढकललं. पोरगा पडलेलाच होता. मायचा आवाज आला आणि तो उभा राहिला. नुसता बसला न्हाई, उभा राहिला. मायनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, वरून खाली हात फिरवला, हाडं चाचपली. बाजारात बैल बघतात तसं. मग म्हणाली, "पाणी दे. घसा सुकलाय."

घागरीत पाणी नव्हतं. मी सकाळी आणायचं विसरलो होतो, ह्या डब्याच्या नादात. पोरानं घागर उचलली आणि निघाला. कोपऱ्यावर हापसा होता, तिथं उन्हात बायांची रांग. माझ्यादेखत तो पहिल्यांदा दिवसाउजेडी फाटकाबाहेर पडला, तोंडाला दस्ती न बांधता. मी उठायला लागलो तर बायको म्हणाली, "बसा. आणील तो."

लई वेळ लागला. तोवर मी तिला सगळं सांगितलं. दोन पराती, धाकटीची नजर, शेळी. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मग काय हायब्रीडची भाकरी डब्यात धाडू? स्टँडवर ती पोरं डबे उघडतात. काळी भाकरी बघून म्हणतील, ह्याच्या घरी खायला न्हाई."

तेवढ्यात पोरगा घागर घेऊन आला, पायावर पाणी सांडत. तो म्हणाला, "माय, डबाच नको. पीठ दे. तुम्ही खाता ते. मी हितं थापीन."

"तू थापशील?"

"शिकवशील तर."

"आनि तुमी?" तिनं मला विचारलं. "तुमी काय करणार?"

मी म्हणलं, "मी पण थापीन."

आयुष्यात मी परातीला हात लावला नव्हता. माझा बाप म्हणायचा, ज्यानं चूल फुंकली त्यानं औत विसरलं. पण बोललो ते बोललो. खालाकडनं रॉकेलचा स्टोव्ह मागून आणला, हायब्रीडचं पीठही तिच्याकडचंच घेतलं. बायकोनं त्या दिवशी दोघांना पुढं बसवून शिकवलं. आधी पाणी उकळायचं, मग पीठ मळायचं, तळव्यानं रेटून रेटून. हायब्रीडला चिकी कमी, ती थापताना तुटते. माझी पहिली भाकरी नव्या जिल्ह्यासारखी झाली. कुठून फुटून वेगळी होईल सांगता येत नव्हतं. पोरगा हसला. ह्या वेळी नुसते ओठ हलले न्हाईत. माय म्हणाली, "हसू नको, तुझी तर तव्यापर्यंतच गेली न्हाई." करपलेली, तुटलेली ती भाकरी त्यानं ठेच्यासंगं खाल्ली. दुसरी मागितली. बायको माझ्याकडं न बघता तव्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती गावाकडं गेली. हायब्रीडच्या पिठाची गाठोडी त्याच गाडीनं यायला लागली. डब्यांच्या रांगेत आमची गाठोडी. आणायला पोरगाच जायचा. पोरांनी विचारलं, तर म्हणाला, "आम्ही खोलीवरच करतो." त्यावर कुणी काही बोललं न्हाई. लोकांना बोलायला एवढा वेळ नसतो, हे त्याला तेव्हा समजलं असंल.

आता कुणी म्हणेल, मग पोरगा सुधारला. असं न्हाई झालं. उन्हाळा तसाच होता, खोली तशीच होती, पत्रा तसाच वाजत होता. फरक एवढाच, हापसा सकाळच्या पारीच पाणी द्यायचा, नंतर नुसती हवा ओकायचा. पाणी न्हाई तर भाकरी न्हाई. भाकरी पाहिजे तर पहाटे उठायला पाहिजे. मी त्याला उठवणं सोडून दिलं. मी माझी घागर घेऊन निघायचो. कधी तो मागून यायचा, कधी न्हाई यायचा. आला न्हाई त्या दिवशी मी माझ्यापुरती भाकरी थापायचो आणि त्याच्यापुढं बसून खायचो. पहिल्यांदा असं केलं तेव्हा तो उपाशी पडून राहिला. माझ्याही घशाखाली उतरत नव्हती, पण मी खाल्ली. दिवस कलल्यावर तो उठला, उरलेल्या तांब्याभर पाण्यात पीठ मळलं, भाकरी थापली, खाल्ली, आणि मला म्हणाला, "तुम्ही लई कठीण माणूस हात, बाबा."

"माझा बाप माझ्याहून कठीण होता."

"तो जेवायला तरी द्यायचा."

"तो काठी द्यायचा," मी म्हणलं.

जेवण पोटात जायला लागलं तसा तो पुस्तकावरची धूळ पुसून बसायला लागला. एक पान, दोन पानं. मग डोकं धरायचा. एका सकाळी कपडे घालून बाहेर पडला आणि थोड्याच वेळात परत आला. मी भाकरी थापत होतो. विचारलं न्हाई. तोच म्हणाला, "गेटापर्यंत गेलो होतो."

"बरं."

"आत जाता आलं न्हाई. पाय जड झाले."

"बरं. ते पिठात पाणी जास्त झालंय, जरा पीठ सोड."

त्यानं पीठ सोडलं. पुढचे कितीतरी दिवस तो गेटापर्यंत जायचा आणि परत यायचा. माझ्या जिभेवर शिव्या यायच्या आणि मी त्या भाकरीत थापून टाकायचो. माझ्या भाकऱ्या त्या दिवसांत फार पातळ व्हायच्या. मग एकदा तो तासभर आला न्हाई. आला तेव्हा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. म्हणाला, "मागच्या बाकावर बसलो." त्यानंतरही परत आलेले दिवस होतेच, पण बसलेले दिवस वाढत गेले. त्या साली त्याचे विषय सगळे निघाले न्हाईत. एक राहिला, तो पुढच्या साली निघाला. हे सांगून टाकतो, म्हणजे कुणाला वाटायला नको की मी लपवतोय.

परीक्षेच्या आधीच गावाकडनं निरोप आला. रोजगार हमीचं बांध घालायचं, बंडिंगचं काम आमच्या शिवारात सुरू होणार होतं, मला मुकादमीला बोलावलं होतं. बायकोचा निरोप वेगळा, लांबच्या विहिरीवरून पाणी आणून आणून तिची कंबर गेली होती. मी पोराला म्हणलं, "मी उद्या जातो."

मला वाटलं तो म्हणेल, थांबा. परीक्षेपर्यंत तरी थांबा.

तो म्हणाला, "जा."

मला राग आला. उन्हाळाभर ह्या भट्टीत मी कुणासाठी बसलो होतो? मी म्हणलं, "मी गेल्यावर पुन्हा पडशील."

"पडलो तर पडलो," तो म्हणाला. "पण तुम्ही हितं असलात की मी तुमच्यासाठी उठतो, बाबा. ते बी एक पोतंच हाय."

ह्याला उत्तर द्यायला मला चार यत्ता कमी पडल्या.

सकाळी त्यानं पाणी आणलं, भाकरी केली, आम्ही जेवलो. मी पिशवी भरली. माझी सकाळची जळकोटची गाडी आणि त्याचा तास एकाच वेळेला. मला वाटलं बापाला स्टँडवर सोडायला येईल, पिशवी तरी उचलेल. तो माझ्या पाया पडला, पुस्तक बगलेत धरलं, म्हणाला, "तास हाय," आणि फाटकाबाहेर गेला. मागं वळून बघितलं न्हाई.

मी पिशवी घेऊन दारात उभा राहिलो. गाडीची वेळ झाली होती. पण माझा पाय निघेना. गेटापर्यंत जाऊन परत यायला त्याला किती वेळ लागतो ते मला पाठ झालं होतं. तेवढा वेळ थांबावं म्हणलं. पिशवी खाली ठेवली, लिंबाखाली बसलो, रस्त्याकडं बघत. तो यायची वेळ झाली. मग ती टळली. खाला म्हणाली, "गाडी गई होगी तुम्हारी." मी म्हणलं, "जाऊ दे." आणखी थोडा बसलो. रस्त्यावर ऊन चढत होतं, येणारं-जाणारं कुणी नव्हतं, आणि त्याचा काही पत्ता नव्हता.

मग मी उठलो. दुपारची गाडी भरून आली होती. अहमदपूरपर्यंत उभं राहावं लागलं.